बूड फुटलेल्या डब्यातला घेवडा

हल्ली कोणीही उठतं आणि गॅलरीत चार कुंड्या मांडून मला फोटो पाठवतं. भाची पाठवते, शेजारीण पाठवते, माझी सून तर दिवसाआड पाठवते. "बघा, मिरची लागली!" मी म्हणते, वा, छान, आता खताचं बघ. एरवी माझ्या तोंडून सहजी कौतुक निघत नाही, पण झाडापाल्याचं मी करते. फक्त घेवड्याच्या वेलाचा फोटो आला की मी फोन उपडा ठेवते. सुनेनं एकदा विचारलं, "आई, तुम्हाला घेवडा आवडत नाही का?" मी म्हटलं, पित्त होतं. साफ खोटं. इतकी वर्षं हेच सांगत आले.

ऐंशी सालाच्या आसपास लग्न होऊन मी पुण्यातल्या पेठेतून पिरंगुटला आले. आले कसली, आदळले. नवरा तिथल्या एका कारखान्यात लागला होता. तेव्हाचं पिरंगुट ना धड गाव, ना धड शहर. रस्त्याच्या एका अंगाला कारखान्यांची तारेची कुंपणं, दुसऱ्या अंगाला भात. शेतकऱ्यांनी गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या आणि आमच्यासारखी कारखान्याची माणसं त्यात भरली होती. आमच्या ओळीत पाच खोल्या. एकेक दहा बाय बाराची, आत कोपऱ्यात मोरी, पुढं अरुंद ओटा, ओट्यापुढं शहाबादी फरशीची एक पट्टी. पट्टी संपली की मालकिणीची जमीन सुरू. आमच्या खोलीत आम्ही तिघं: नवरा, मी आणि सासू. मधे एक पडदा.

मालकीणबाई हाडापेरानं मोठी, आवाज तर असा की पलीकडच्या घोटावडे गावात ऐकू जावा. खोली दाखवतानाच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, "राहा खुशाल. नळावर भांडू नका, बाकी काय करायचं ते करा. पर भुईत काय लावायचं न्हाई. मिरचीचं रोप बी न्हाई. डब्यात लावा आन डबा फरशीवर ठेवा."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. पण तसं नव्हतं, बाई घाबरलेली होती. तिच्या सासऱ्याच्या काळात रस्त्यापलीकडचं त्यांचं एक वावर कूळकायद्यात गेलं होतं. दुसऱ्याला कसायला दिलं, त्याचं नाव सातबाऱ्याला लागलं, आणि जमीन त्याची झाली. त्या कुळाची नातवंडं हिच्या डोळ्यांदेखत तिथं भात लावायची आणि वर हिला रामराम घालायची. तेव्हापासून त्या घराचा एकच नियम: परक्याचं मूळ आपल्या मातीत जाऊ द्यायचं नाही. खोलीच्या भाडेकरूनं दारात वेल लावला म्हणून कोणी कूळ होत नाही, हे तिला वकिलानं लिहून दिलं असतं तरी पटलं नसतं. आमच्या आधीच्या भाडेकरणीनं भुईत तुळस लावली होती. हिनं म्हणे तुळशीला हात जोडले, कुदळीनं मुळासकट काढली आणि त्या बाईच्याच ओंजळीत ठेवली.

आता सासू. ती आतल्या खोऱ्यातली. तिचं घर, भाताची खाचरं, अख्खं गाव धरणात गेलेलं. सासरे त्याआधीच वारले होते, तेव्हा कागदावर अंगठा हिचाच. गाव सोडून ती लेकाच्या खोलीवर आली ती दोन पातेली, एक पाटा आणि एक मडकं घेऊन. त्या मडक्यात राखेत पुरलेलं घेवड्याचं बी. पांढरा दाणा आणि त्याला जांभळी कड. तिला तिच्या सासूनं दिलेला, त्या सासूला तिच्या सासूनं. तो घेवडा त्या खोऱ्याबाहेर कोणाकडे नव्हता, आणि खोरं तर पाण्याखाली.

त्या फरशीच्या पट्टीवर तिनं शेत मांडलं होतं, दुसरा शब्द नाही. डालड्याचे डबे, फुटकी बादली, गळकं घमेलं, फळांची खोकी. खोक्यात मेथी, घमेल्यात कोथिंबीर, बादलीत मिरच्या, मोरीचं पाणी बाहेर पडायचं तिथं एका मोठ्या टोपलीत अळू. तांदूळ धुतलेलं पाणी सांडलं तर ती माझ्यावर अशी ओरडायची, जणू दूध सांडलं. रस्त्यावर बैलानं शेण टाकलं की ही पाटी घेऊन पुढं. भाजी सगळी घरची, हे मान्य. पण मी पेठेत वाढलेली. मला दारात पाय ठेवायला जागा नाही, चिलटं घोंगावतायत, खोलीत सारखा शेणाचा वास, आणि पाहुणे आले की नवरा कौतुकानं डबे दाखवतोय. माझा नुसता संताप व्हायचा.

माझी पहिली चूक झाली ती मात्र अजाणता. आमच्याकडे स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर, त्यामुळे घरात राख कुठली? आणि मला माहेरची सवय, पितळेची भांडी राखेनं घासायची. एके दिवशी फळीवर ते मडकं सापडलं, मऊ चाळलेल्या राखेनं भरलेलं. मला आनंदच झाला. रोज मूठ-मूठ राख काढून मी भांडी लख्ख केली. खाली दाणे दिसायला लागले तेव्हा म्हटलं, असेल म्हातारीचं काहीतरी, आणि फडकं बांधून मडकं परत ठेवलं. राखेमुळे बियाला भुंगा लागत नाही, हे मला कोण सांगणार? तिला वाटलं, एवढं तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मृग लागला तशी तिनं पेरायला मडकं उतरवलं. फडकं सोडलं तर आतून भुंगे निघाले. ओंजळभर बी, दाण्या-दाण्याला भोक. ती ओट्यावर बसली आणि एकेक दाणा बोटांत दाबून बघत राहिली. सहा धड निघाले.

"राख कुटं गेली?"

मी सांगितलं, भांड्यांना लावली.

तिनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती ओळीतल्या बाकीच्या चारही दारांत गेली आणि प्रत्येक दारात सांगून आली, "माझ्या सुनंनं बी खाल्लं. शिजवून न्हाई, घासून खाल्लं." बायका माझ्याकडे बघून पदराआड हसल्या.

भुंग्यातून वाचलेलं बी पुढच्या वर्षापर्यंत टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून तिनं सहाच्या सहा दाणे त्याच पावसात पेरले. तीन उगवले. एक गोगलगायीनं खाल्ला, एक कुजला, एक राहिला. आता सगळा घेवडा त्या एका वेलात होता. तो वेल तेलाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, पट्टीच्या अगदी टोकाला. सुतळीवरून त्यानं पत्रा गाठला आणि दसऱ्यापर्यंत आमच्या दारावर हिरवी झालर धरली. दिवाळीनंतर जांभळा फुलोरा आला. लोक थांबून बघायचे. सासू रोज सकाळी त्याच्याखाली उभी राहून शेंगा मोजायची आणि मी आतून भांडी आपटायची.

कार्तिक संपता संपता मी पट्टी धुवायला काढली. एकेक डबा सरकवला. तेलाचा डबा सरकेना. दोन्ही हात लावून जोर केला, तरी हलेना. खाली वाकून बघते तर तिथली फरशी फुटलेली, आणि डब्याला बूडच नाही. छिन्नीनं कापून काढलेलं. मुळं सरळ मालकिणीच्या भुईत उतरलेली, बोटाएवढी जाड.

मागं सासू उभी होती. तिचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला होता.

"डब्यात दाणा भरत न्हाई गं," ती हळू आवाजात म्हणाली. "चार वर्सं बघितलं. दरसाली बारीक पडतोय. मूळ खाली गेलं तरच भरतोय दाणा." मग तिनं माझा हात धरला. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा. "कुणाला सांगू नको, पोरी. माघापातूर शेंगा वाळतील. तेवढ्या वाळू दे. मग मीच काढते मूळ."

मी म्हटलं, "नाही सांगत, आत्याबाई."

आणि खरंच सांगायचं नव्हतं मला. पंधरा दिवस मी तोंड शिवून राहिले. उलट मालकीणबाई तिकडून आली की मी बादली त्या डब्यापुढं ठेवायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो. तेवढे पंधरा दिवस आमचं बरं चाललं होतं, आणि हे मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

मग नळावरचा तो दिवस. पाचही खोल्यांच्या बायका रांगेत. शेजारणीच्या सुनेला दिवस गेल्याची बातमी निघाली, आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. एका खोलीत तीन माणसं, मधे फडकं, आणि वर मला विचारायचं, काय गं, काही बातमी? कुणीतरी सासूलाच विचारलं. ती हंडा विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "डब्यात बी टाकलं तर आठ दिसांत उगवतंय. हितं दोन वर्सं झाली, माती कोरडी ती कोरडीच."

बायका हसल्या. सासूही हसली. तिला वाटलं, गंमत केली. तिच्या तोंडाला सवयच होती तसली, हे मला आता कळतं. पण तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी घागर तिथंच सोडली. नळ चालू, पाणी वाहतंय, आणि मी गोठ्यापलीकडे मालकिणीच्या अंगणात. ती तांदूळ पाखडत होती.

"मालकीणबाई," मी म्हटलं, "आमच्या दारातला तेलाचा डबा जरा उचलून बघता का? उचलतोय का बघा."

एवढंच बोलले. जास्त बोलायची गरज नव्हती.

तिनं सूप खाली ठेवलं आणि आली. डब्याला हात घातला. डबा हलला नाही. तिनं वाकून पाहिलं, बोटानं माती उकरली, मूळ दिसलं, आणि ती अशी किंचाळली की साप निघाला म्हणून माणसं धावली. "माझ्या भुईत! माझ्या भुईत मूळ घातलंय म्हातारीनं! धरणात घालवली ती न्हाई पुरली, आता माझी पायजे व्हय?"

सासू नळावरून हंडा टाकून आली. ती भांडली नाही. मी वाट बघत होते की भांडेल. ती सरळ मालकिणीच्या पायाशी बसली आणि तिचे दोन्ही पाय धरले.

"महिनाभर थांब, बाई. शेंगंत दाणा भरलाय निम्मा. मला जमीन नको, काय बी नको. मी अंगठा देते. कागद आण, हितं काय बी माझं न्हाई म्हून अंगठा देते. ह्यो बघ." आणि तिनं अंगठा खरंच वर धरला. मातीनं भरलेला.

मालकीण क्षणभर थांबली. दगड नव्हती तीही. पण मग म्हणाली, "अंगठे लई बघितलेत आमी, मावशे. आमच्या सासऱ्यानं बी अंगठ्यावरच इस्वास ठेवला हुता." तिनं घरातून कोयता आणला आणि वेल बुडाशी तोडला. एक घाव पुरला. मग कुदळीनं मूळ उकरून काढलं आणि खड्ड्यात चुना ओतला. जाताना तोडलेला वेल गुंडाळून सासूच्या मांडीवर ठेवला. "शेंगा तुझ्या हायत, घे. भुई माझी हाय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? तो कोयता बसला तेव्हा मला छातीत गार वाटलं. मग सासूनं मांडीवरच्या वेलावरून हात फिरवला, आंजारल्यासारखा, आणि ते गार वाटणं तिथंच संपलं.

नवरा कारखान्यातून आला. त्याला ओळीतल्या लोकांनी सांगितलं, मालकिणीनं डबा पकडला. तो आईला म्हणाला, "अगं, एवढं काय? बाजारातून किलोभर घेवडा आणतो उद्या." बिचारा. त्याला आयुष्यभर यापलीकडे काही कळलं नाही, आणि आम्ही दोघींनी कळू दिलंही नाही.

सासूनं वेलावरच्या कोवळ्या शेंगा निवडल्या आणि भाजी केली. निबर शेंगा वेलावर तशाच ठेवल्या. तिन्हीसांजेला ताटं मांडली. रोज ती लेकाला आधी वाढायची. त्या दिवशी पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. भाजी इतकी वाढली की भाकरीला जागा राहिली नाही.

"खा," ती म्हणाली. "डब्याचं आपल्या दोघींलाच ठावं हुतं."

एवढंच. आवाज चढला नाही. नवरा हात धूत होता, त्यानं ऐकलं नाही. ती माझ्यासमोर बसली आणि मी जेवत असताना माझ्याकडे बघत राहिली. मी सगळी भाजी खाल्ली. चवीला अप्रतिम होती. तसला घेवडा मी त्यानंतर खाल्ला नाही आणि खाणारही नाही, कारण तो आता कुठंच नाही.

उरलेला वेल तिनं खोलीत खुंटीला उलटा टांगला. मूळ नसलं तरी देठातला रस उतरून दाणा थोडा भरतो, असं तिचं म्हणणं. दोन महिने तो आमच्या डोक्यावर लटकत होता. आधी कोमेजला, मग तपकिरी झाला, मग पाचोळा पडायला लागला. स्वयंपाक करताना पातेल्यात पाला पडायचा. मी तो निमूट काढून टाकायची. माघात तिनं शेंगा फोडल्या. दाणे सुरकुतलेले, नखाएवढे चपटे. तिनं ते राखेत ठेवले. राख तिनं कुठून आणली ते मी विचारलं नाही. मडकं मात्र तिनं आता फळीवर न ठेवता उशाशी ठेवलं.

या सगळ्यात ती मला एका शब्दानं बोलली नाही. टोमणा नाही, आदळआपट नाही, दारोदार जाऊन बोभाटा नाही. "पाणी आण," "पीठ संपलं," "तो आला का," इतकंच. मी मुद्दाम तांदळाचं पाणी सांडून बघितलं. काही नाही. एकदा तर मीच म्हटलं, "आत्याबाई, बोला ना काय ते एकदा." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

मृगात तिनं ते दाणे पेरले. त्याच डब्यात. बुडाला पत्र्याचा तुकडा ठोकून घेतला होता, आणि मालकीणबाईला बोलावून डबा उचलून दाखवला होता. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. काही उगवलं नाही. बाकीच्या डब्यांतून मेथी आली, मिरची आली, अळू तर माजलं. तेलाच्या डब्यात नुसती काळी माती. तरी ती रोज त्याला पाणी घालायची. पाऊस पडत असला तरी घालायची. ओळीतल्या बायका म्हणायला लागल्या, म्हातारीला भ्रम झाला.

श्रावणात मला उलट्या सुरू झाल्या. आधी वाटलं, काही खाल्लेलं बाधलं. मग दिवस मोजले. नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं. सकाळी मी मोरीवर वाकलेली आणि सासू दारात. तिनं मला पाणी दिलं, पाठ चोळली. तिचा हात खरखरीत होता आणि त्या हाताला मातीचा वास होता. मी रडायला लागले. मला त्या क्षणी तिचे पाय धरायचे होते. सगळं बोलायचं होतं, राखेपासून.

"आत्याबाई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी—"

"उगवलं म्हण की," ती मधेच म्हणाली. तिनं माझ्या पोटाकडे पाहिलं. हसली नाही, रागावलीही नाही. "चांगलं झालं. आता तीन महिनं जपायचं. तवर वाच्यता करायची न्हाई, रीत हाय आपली. कुणाला सांगू नको."

मग तिनं तांब्या उचलला आणि बाहेर तेलाच्या डब्याशी गेली. मी दारात येऊन उभी राहिले. ती त्या रिकाम्या मातीवर हळूहळू पाणी ओतत होती, सांडू न देता.

"मी बी न्हाई सांगायची," ती पाठमोरी म्हणाली.

आणि तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही.